सतरा मिनिटं चाळीस सेकंद

"कॅसेट नेताना लई गोड बोलत हुतासा." कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतले एक काका परवा मला एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आम्ही पाच-सहा कानसेन लोकांच्या माळ्यांवरच्या जुन्या बैठकींच्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतो आणि सगळ्यांत मिळून एक यादी ठेवतो. गायक, राग, साल, ठिकाण, कॅसेट कुणाची. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. पावसाळ्यात फितीला धरलेली पांढरी बुरशी पुसायची ती वेगळी. तेही चालतं. मरण आहे ते नावं घालण्यात.

जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळे त्या घराण्यावर इथं ज्याला त्याला बोलायचं असतं. कॅसेटवर चार अक्षरं लिहायची म्हटली की मात्र पेन सापडत नाही. काकांच्या कॅसेटवर आधी 'बसंत' होतं. ते खोडून 'केदार'. तेही खोडून 'चांगलं आहे'. निघाला बसंती केदार, दोन्ही रागांचा जोड! म्हणजे गडी दोन्ही वेळा निम्मा बरोबर होता.

त्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, वेष्टणावर ती कशी वाजवायची याची आकृती. परग्रहावरच्या माणसाची एवढी काळजी, आणि राजारामपुरीत बसून यादी करणाऱ्याला 'चांगलं आहे'.

तर उतरवलेलं ऐकवायला काकांकडे गेलो. सतरा मिनिटं चाळीस सेकंदांवर गायक समेवर आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आरं तिच्याऽऽ!"

"थांबवा," काका म्हणाले. "ह्यो मी."

"बरं."

"बरं काय? लिवा की यादीत."

"काका, यादीत गायकाचं नाव असतं."

"गायकाला जोर कुणी दिला? पुढची तान ऐका. माझ्या आरोळीनंतर आल्या का न्हाई?"

आली होती, हे दुर्दैव. अकरा वेळा मागं-पुढं करून ऐकली. बाराव्यांदा काका खुर्चीतून उठले, डोळे मिटले आणि पुराव्यादाखल तस्संच ओरडले. काकू पिठाच्या हातानं बाहेर धावल्या. प्रकरण कळल्यावर शांतपणे म्हणाल्या, "त्या बैठकीला कुठं गेलतासा? पन्हाळ्याला हुता न्हवं, माझ्या भावाच्या लग्नात."

काका गप्प झाले. आणि राग निघाला माझ्यावर. कॅसेट परत मागितली, वर ते गोड बोलण्याचं वाक्य.

डेकचा पट्टा माझ्या पैशानं आणलाय. दीड वर्षाचे रविवार गेलेत. एका बहाद्दरानं कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून मोडलेली जीभ चिकटपट्टीनं बुजवून अख्ख्या तराण्यावर पुतणीचं बारसं भरलं होतं. तेही मी निमूट ऐकलं, तराण्याचं शेपूट तरी सापडेल म्हणून. नाही सापडलं. यादीत 'कॅसेट कुणाची' असा रकाना आहे, 'उतरवली कुणी' असा नाही. तो घाला म्हणायची मला लाज वाटते. काकांना नाही वाटली.

शेवटी शेरा टाकला: 'दाद – अज्ञात.'

रात्री साडेअकराला फोन. "ते अज्ञात काढा. वाईट दिसतंय. 'रसिक' लिवा." जरा थांबून, बहुधा काकू झोपल्याची खात्री करून, हळूच: "आणि कंसात माझं आडनाव."