पेशी उजळली, पण कशामुळे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जिवंत पेशीतला हायड्रोजन सल्फाइड (पेशी स्वतः किंचित बनवते तो वायू) फ्लुओरेसंट प्रोबने, म्हणजे त्याच्याशी अभिक्रिया झाली की चमकणाऱ्या रेणूने, ‘दिसतो’ असं मी गेल्या लेखात लिहिलं, ते तुम्हाला दिशाभूल करणारं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेशीत ग्लुटाथायोन (गंधक असलेला दुसरा छोटा रेणू) सल्फाइडच्या हजारो पट असतं, प्रोब त्याच्याशीही अभिक्रिया करतो, वर जे शोधायचं तेच खाऊन टाकतो; तेव्हा ही हिरवी चित्रं म्हणजे नुसती हौस. तुम्ही स्वतः मोनोब्रोमोबायमेनने (सल्फाइडला बांधून ठेवणाऱ्या रसायनाने) सल्फाइड मोजता, म्हणजे आक्षेप कामातून आलेला आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आकडे तुमचे बरोबरच आहेत. ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर, आणि मोकळा सल्फाइड हल्लीच्या बहुतेक मोजमापांत मायक्रोमोलरच्याही (मिलिमोलरच्या हजाराव्या भागाच्याही) खाली. तरी प्रोबशी भिडताना दोघांची ताकद सारखी नसते. सल्फाइडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ७ च्या आसपास, त्यामुळे ७.४ पीएचला त्याचा बराचसा भाग ऋणभारित, म्हणजे अभिक्रियेला तयार असतो. ग्लुटाथायोनच्या थायोलचा (गंधक-हायड्रोजन गटाचा) पीकेए ९ च्या जवळ, म्हणून त्याचे जेमतेम काही टक्के रेणू तसे सापडतात. शिवाय सल्फाइड आकाराने चिमुकला. बर्कलीत ख्रिस्तोफर चँग यांच्या गटाने २०११ मध्ये एसएफ१ आणि एसएफ२ हे प्रोब केले. रोडामाइन या चमकणाऱ्या रंगाच्या सांगाड्यावर अझाइड (तीन नायट्रोजनचा गट) असेपर्यंत प्रोब अंधारा. सल्फाइडने त्याचं अमाइन केलं की उजळतो.

पण एवढ्यावर भागत नाही, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. निवडकता चांगली असली तरी हजारो पटींची तफावत ती एकटी पेलू शकत नाही. पेशी हिरवी दिसली, एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. सल्फाइड तयार होण्याची वाट अडवल्यावर ती उजळायची थांबली, तर मात्र बोलता येतं.

चँग यांच्याच गटाचं २०१३ मधलं एसएफ७-एएम पाहा. त्यावर एस्टरचे गट आहेत. प्रोब आत शिरला की पेशीतली एस्टरेज एन्झाइमं ते तोडतात, मागे ऋणभार उरतो आणि प्रोब सहज बाहेर पडू शकत नाही. नाळेतल्या शिरेच्या अस्तरपेशींना त्यांनी व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांची वाढ घडवणारं प्रथिन) दिलं, उजेड वाढला. सल्फाइड बनवणारं सीएसई हे एन्झाइम प्रोपार्जिलग्लायसिन या रोधकाने रोखलं, तर तशी वाढ झाली नाही. व्हीईजीएफचा रिसेप्टर रोखला, तरी तेच. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम रोखून त्यातून होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड थांबवलं, तरी तेच. माझ्या लेखातला ‘दिसतो’ हा शब्द या अंधाऱ्या राहिलेल्या बशांवर उभा आहे.

यावर तुम्ही म्हणाल, सीएसई सिस्टीन हे अमिनो आम्लही बनवतं, आणि सिस्टीन हा ग्लुटाथायोनचा कच्चा माल. मग रोधकाने ग्लुटाथायोनच घटलं नसेल कशावरून? खरा प्रश्न आहे. म्हणून रोधक थोडाच वेळ द्यायचा आणि त्याच पेशींतलं ग्लुटाथायोन वेगळं मोजायचं. अझाइड प्रकाशानेही तुटतो, तेव्हा काहीही न दिलेली बशी तेवढ्याच लेसरखाली तेवढाच वेळ ठेवायची. आणि नुसत्या उजेडावर सगळी भिस्त नाहीच: सीएसईचं जनुक काढलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढतो, हे २००८ मध्येच प्रसिद्ध झालं आहे, आणि त्या निष्कर्षाला प्रोबची गरज लागली नव्हती.

प्रोब सल्फाइड खातो, हेही खरं. अझाइडची अभिक्रिया उलट फिरत नाही, म्हणून पडद्यावर दिसतो तो साठत गेलेला उजेड. सल्फाइड नंतर कमी झाला तर ते या प्रोबला कधीच कळणार नाही. ग्लुटाथायोनसाठी ही अडचण सुटली आहे. २०१७ मध्ये आलेले रिअलथायोल आणि टोकियोच्या उरानो गटाचे प्रोब ग्लुटाथायोनला धरतात आणि सोडतातही, त्यामुळे दोन रंगांच्या गुणोत्तरावरून चढ-उतार दोन्ही वाचता येतात. ग्लुटाथायोन मिलिमोलरमध्ये आहे म्हणून सैल पकड पुरते. सल्फाइड इतका विरळ, की घट्ट धरावं तर सुटत नाही आणि सैल धरावं तर सापडत नाही.

किती सल्फाइड आहे हे विचारायचं असेल तर तुमची बायमेनचीच पद्धत वापरावी. जुन्या मिथिलीन ब्लू पद्धतीतलं आम्ल लोह-गंधक प्रथिनांतला सल्फाइडही सोडवून आणायचं आणि आकडे फुगायचे; तुमच्या पद्धतीत तो घोळ टळतो. पण तिच्यासाठी पेशी फोडावी लागते. कुठल्या पेशीत, कधी, कशामुळे, हे विचारायला पेशी जिवंत हवी.

बाहेरून सोडियम हायड्रोसल्फाइड (सल्फाइड देणारा क्षार) ओतायचा, उजळलेल्या पेशींचा फोटो छापायचा आणि तिथेच थांबायचं, अशा पेपरांवर तुमचा राग रास्त आहे. त्यापेक्षा पेशीच्या आत हळूहळू सल्फाइड सोडणारे रेणू ही बरी कसोटी. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत हरिनाथ चक्रपाणी यांचा गट असे रेणू बनवतो.

एकत्र वाढवलेल्या पेशींचे दोन वाटे करून एकावर बायमेन आणि दुसऱ्यावर प्रोब, असं तुम्ही कधी केलं असेल, तर दोन्हीचा कल जुळला की नाही ते इथे जरूर लिहा. न जुळल्याची नोंद असेल तर ती आधी वाचायला आवडेल.