ट्रॉलीच्या मागची सीडी

देवासला केळवण आटोपून आम्ही इंदूरला परतत होतो. रात्रीचे साडेदहा. शिप्रा ओलांडली आणि थोड्याच वेळात ह्यांनी करकचून ब्रेक मारला. समोर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली, पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. दिवा नाही, काही नाही. जेमतेम चार हातांवर आमची गाडी थांबली. सासूबाई मागे रामरक्षा म्हणू लागल्या.

उतरून पाहिलं तर ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याला तारेनं बांधलेली एक जुनी सीडी. चमकते, म्हणजे लांबून दिसत असणार, असं त्या शेतकरी काकांना मनापासून वाटत होतं.

पण सीडी म्हणजे आरसाच. जरा तिरपी असली की हेडलाइटचा उजेड बाजूच्या शेतात निघून जातो, आपल्या डोळ्यांपर्यंत येतच नाही. रिफ्लेक्टर पट्टीत अगदी बारीक कोपरे असतात, खोलीच्या कोपऱ्यासारखे, तिन्ही बाजू एकमेकींना काटकोनात. उजेड त्यांच्यावर आपटून जिकडून आला तिकडेच परत फिरतो. काही पट्ट्यांत हेच काम काचेचे बारीक मणी करतात. म्हणून ट्रॉली थोडी तिरपी उभी असली तरी पट्टी दिसते. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर असेच १०० काचेचे कोपरे ठेवले. इथून सोडलेला लेसर आजही त्यांच्यावरून परत येतो. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमवरसुद्धा असा छोटा संच आहे. चंद्रापर्यंत पोचलेली वस्तू मंडीत जाणाऱ्या ट्रॉलीवर नसावी, ह्याचा मला खरंच राग येतो.

त्या काकांना दोष देणं मला पटत नाही. दिसावं म्हणून त्यांनी धडपड केलीच होती.

आणि पट्टी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चिखल-धूळ बसली की ती असून नसल्यासारखी. अंधारात वीस-पंचवीस पावलांवर उभं राहा, मोबाइलचा टॉर्च कानशिलाला लावून धरा आणि बघा. टॉर्च कमरेशी धरलात तर पट्टी मंद दिसेल, कारण उजेड टॉर्चकडे परत जातो, डोळ्यांकडे नाही. कानशिलाशी धरूनही लखलखली नाही, तर आधी पुसा, नाहीतर बदला.

येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही लोकमान्य नगरातले काही जण मंडीच्या रस्त्यावर उभे राहणार आहोत. मागे लाल पट्टी, बाजूंना पिवळी. रोल आम्ही आणतोय. येणाऱ्यांनी कात्री आणि ओलं फडकं तेवढं घेऊन या.