आपण की आम्ही?

२०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लांबलचक मजकूर टाकला. सुरुवात अशी: 'आपण आता गप्प बसून चालणार नाही.' डोंबिवलीच्या पुतण्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. 'काका, आपण म्हणजे कोण? तुमची लेक घरी काय बोलते?' लेक न्यू जर्सीत वाढलेली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. मी फोन उपडा ठेवला. २९ जूनला सरकारने निर्णय मागे घेतला, ग्रुपवर पेढे वाटून झाले, पण तो 'आपण' काही माझी पाठ सोडेना.

पुढे डिसेंबरात आम्ही दोघं दक्षिण अमेरिकेत फिरायला गेलो. बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करता करता स्पॅनिश शिकलेली, त्यामुळे बोलायचं तिने आणि पिशव्या धरायच्या मी. ब्युनॉस आयरेस देखणं आहेच, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आसुन्सिऑनला, म्हणजे पाराग्वेच्या राजधानीला, मात्र फारसं कुणी जात नाही. आम्हीही गेलो ते तिकीट स्वस्त पडलं म्हणून.

तिथल्या 'मेर्कादो कुआत्रो' या बाजारात ताडपत्र्यांखाली एक आजी लाकडी खलात मुळ्या आणि पाला कुटत होत्या. तो कूट गार पाण्यात घालतात, ते पाणी शिंगाच्या पेल्यातल्या येर्बाच्या पानांवर ओततात आणि धातूच्या नळीने ओढतात. हे तेरेरे. चव कडवट, पण त्या उकाड्यात अमृत. आजी बायकोशी स्पॅनिशमध्ये बोलल्या आणि लगेच शेजारणीकडे वळून ग्वारानी या तिथल्या मूळ भाषेत काहीतरी म्हणाल्या (आमच्याबद्दलच असणार). तेवढ्यात एक टायवाला आला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यानेही ग्वारानीतच मागितलं. मला दादरचा भाजीवाला आठवला. तोही मराठी, गिऱ्हाईकही मराठी, आणि भाव मात्र 'कैसा दिया?'

एकेकाळी पाराग्वेच्या शाळांत ग्वारानी बोललं की पोरांना शिक्षा व्हायची. तीच भाषा १९३२ ते ३५ च्या चाको युद्धात कामी आली. बोलिव्हियाच्या सैन्याला कळू नये म्हणून निरोप ग्वारानीत जात. स्पॅनिशच्या बरोबरीने ती राजभाषा झाली ती १९९२ च्या राज्यघटनेने. म्हणजे कायदा आला तेव्हा भाषा घराघरांत होतीच. आता ती शाळेतही शिकवतात, तर आमची घरमालकीण कुरकुरत होती की पुस्तकातली ग्वारानी तिच्या मुलाला परकी वाटते. शासन निर्णयांची मराठी वाचणाऱ्याला हे दुःख समजावून सांगायला नको.

याच बाईने आम्हाला 'न्यांदे' आणि 'ओरे' हे दोन शब्द सांगितले. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर न्यांदे, त्याला वगळून बोलायचं तर ओरे. स्पॅनिशमध्ये दोन्हीला एकच शब्द, म्हणून परदेशी माणसाला ते समजावताना ती हातवारे करायला लागली. बायको मला म्हणाली, "अरे, हे तर आपण नि आम्ही!" पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हा भेद भेटेल असं वाटलं नव्हतं.

पुढे पेरूतल्या कुस्को शहरात कळलं, तिथल्या केचुआ भाषेतही अशीच जोडी आहे. पेरूने केचुआला राजभाषा केलं १९७५ साली, पाराग्वेच्याही आधी. तरी सान पेद्रो बाजारातली रसवाली आईशी केचुआ बोलत होती आणि कडेवरच्या पोराशी स्पॅनिश. मी रस अर्धा टाकून उठलो. त्या कडेवरच्या पोराच्या जागी मला लेक दिसली.

कायद्याने भाषा जगते म्हणणाऱ्यांना मी कुस्को दाखवीन, असं आधी वाटलं. पण मग वाटलं, ग्वारानीला तरी शाळेबाहेर किती दिवस उभं ठेवायचं होतं? हिंदीसक्तीला माझा विरोध आजही आहे. फक्त तो कुठल्या सर्वनामाने करायचा, ते ठरत नाही. पुतण्या म्हणतो तसा मी अगदी परका नाही. पण भाजीवाल्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, ही निवड रोज त्याच्यापुढे असते, माझ्यापुढे नसते.

परत आल्यावर न्यांदे-ओरेचं सगळं पुतण्याला लिहून पाठवलं. त्याने अंगठ्याचं चित्र टाकलं. ते शाबासकीचं होतं की आपल्याकडच्या अंगठा दाखवण्यातलं, कळलं नाही. त्याचा मुलगा डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात शिकतो. ते मी जूनमध्ये काढलं नव्हतं, आताही काढलं नाही.