ग्राइंडर खाली ठेवा, आधी तेलाचा डबा आणा

जुन्या गाड्यांच्या वेड्यांमध्ये सध्या एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय. थोडक्यात असा: जुनी स्पोर्ट्स गाडी एका रविवारी, घरच्या घरी, नव्या गाडीसारखी करा. पुढच्या स्प्रिंगचे दोन वेढे ग्राइंडरने उडवा. बाजारातले सगळ्यात कडक शॉकअप घाला. सांध्यांतले रबरी बुश फेकून सगळीकडे पॉलियुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे बसवा. स्प्रिंग दाबायला जॅक आणि दोरखंड पुरे. अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्यावर, पैसे घालू नका, चाकाला तर हातच लावलेला नाही.

लातूरच्या माझ्या मित्राने हे मनावर घेतलं. त्याच्याकडे ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे. माझ्याकडे तिची गरीब बहीण, मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड. 1962 साली स्पिटफायर आली ती हेराल्डचीच हाडं घेऊन, त्यामुळे पुढचे हातपाय दोघींचे जवळपास सारखे. मजकूर वाचून रविवारी त्याने ग्राइंडर चालवला आणि सोमवारी औशाला जाऊन आला. संध्याकाळी फोन: "दादा, गाडी मस्त खाली बसली, पण चालवायला भ्याव वाटू लागलंय."

एक आधीच मान्य करतो. हे काम घरी होतं. या गाड्यांचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, टायरवर बूड टेकून निवांत पाने फिरवता येतात. इतकी सोय आजच्या गाडीत नाही. माझा वाद घराशी नाही, त्या यादीशी आहे.

वेढे कापण्यापासून सुरू करू. स्प्रिंगचा कडकपणा चालत्या वेढ्यांच्या संख्येवर उलटा अवलंबून असतो. आठ वेढ्यांतले दोन गेले की ती एका फटक्यात तेहतीस टक्के कडक होते. मजकूर लिहिणाऱ्याला हेच हवं होतं, आणि पुढची बाजू कडक असणं स्पिटफायरला मानवतंही. तिच्या मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे मागचं चाक त्याच्या आडव्या दांड्यासकट झुलत वर-खाली होतं. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा पार्श्वभाग उचलतो आणि बाहेरचं मागचं चाक आत मुडपतं. 1970 च्या मार्क फोर या स्पिटफायरच्या पुढच्या आवृत्तीत कारखान्याने यावर उपाय केला: मागचा पाटा (पट्ट्यांची आडवी स्प्रिंग) वळणापुरता सैल सोडला आणि गाडीचा कल रोखणारा पुढचा अँटी-रोल बार जाड केला. आपल्याकडे मद्रासवाल्यांनी हेराल्डच्या पुढच्या अवतारात, 1972 च्या गॅझेलमध्ये, स्विंग ॲक्सलच काढून टाकला. दोन्हीकडे रोग ओळखून औषध दिलेलं दिसतं. नाक खाली दाबून मागचं ढुंगण तसंच वर ठेवणं, हे औषध कुणीच दिलं नव्हतं.

कापलेल्या टोकाला बसायला सपाट जागा राहत नाही, हा दुसरा घोळ. ते टोक स्प्रिंग बसते त्या वाटीत एकाच बिंदूवर टेकतं आणि तिथेच वाटीला चिरत जातं. गॅस कटरने कापली असेल तर टोकाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, तोही उतरतो. मित्राचा पुढचा विचार असा की जालन्यात एवढं पोलाद बनतं, तिथून नवीनच वळवून आणू. अरे बाबा, तिथे सळई बनते. स्प्रिंगची तार वेगळी, तिला पाणी देणं वेगळं.

आणि आपला रस्ता? खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर लाटा घेतं. या रस्त्यावर चाकाला वर-खाली व्हायला जागा लागते. कापून ती जागाच संपवली. औशाच्या वाटेवर प्रत्येक गतिरोधकाला गाडी रबरी ठोकळ्यावर आदळत होती आणि सायलेन्सरचा पाइप डांबर खरवडत होता.

कडक शॉकअपचं फार सांगायला नको. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवायचं, भार पेलायचं नाही. स्प्रिंगच्या मानाने तो फार कडक असला की खड्ड्यात गेलेलं चाक वेळेवर परत खाली येत नाही, पुढच्या खड्ड्याला ते अर्धवटच सापडतं. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, वा, काय घट्ट गाडी आहे!

बुशचं अर्धं खरं आहे. पुढचं चाक धरणाऱ्या ए-आर्मला पॉलियुरेथेन चांगलं चालतं, स्टिअरिंग जरा नेमकं वाटतं. "सगळीकडे" म्हटलं की घोटाळा, कारण मग रस्त्याचा प्रत्येक खडा खुर्चीत येऊन बसतो. मुख्य म्हणजे मूळ रबरी बुश इतके बदनाम का झाले, ते बघा. त्यातलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते घसरत नाही, पिळतं. गाडी घोडीवर (उचलून धरायच्या स्टँडवर) आणि चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, की गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मगच आवळायचे. शंभरातल्या नव्वद मिस्त्र्यांना हे माहीत नसतं, असं मी म्हणतो. मोजलेलं नाही, पण भोगलंय.

जॅक आणि दोरखंडाबद्दल मात्र मला राग आहे. स्प्रिंग चाकापेक्षा आतल्या बाजूला असते. म्हणजे चाकावर दोनशे किलो असतील तर तिच्यावर त्याहून जास्त. मित्राचा दोर तुटला तेव्हा स्प्रिंग ओसरी ओलांडून धान्याच्या कोठीवर गेली. पत्र्याला वाटीएवढा पोचा आहे, आणि दोन मिनिटं आधी तिथे त्याची मुलगी उभी होती. खरं तर या गाडीत शॉकअप आणि स्प्रिंग एकत्रच बाहेर येतात. वरचे तीन नट, खालचा एक लांब बोल्ट, झालं. मग समोरासमोर दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं. हत्यार नसेल तर ती जोडी तशीच पिशवीत घालून गॅरेजला न्या. आणि गाडीखाली घोड्या लावा. विटा नकोत, वीट फुटताना आधी सांगत नाही.

आता त्या मजकुरात नसलेली गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

या गाड्यांचं पुढचं चाक ज्या उभ्या दांडीवर वळतं, तिच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते आटे ट्रुनियन नावाच्या पितळी तुकड्यात बसतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडी त्या आट्यांत फिरते. कारखान्याचं सांगणं: इथे गिअर ऑइल घाला, ग्रीस नको. आपल्याकडे सर्व्हिसिंगला गाडी गेली की पोरगा दिसेल त्या निपलला ग्रीसगन लावतो. चाळीस उन्हाळ्यांत ते ग्रीस वाळून खडू होतं, पाणी आत शिरतं, आटे गंजतात, आणि एके दिवशी दांडी नेमकी तिथेच तुटून चाक आडवं पडतं. मित्राचं डाव्या बाजूचं ट्रुनियन आम्ही उघडलं. निघाला तो ग्रीसचा काळा, करकरीत भुगा, आणि आट्यांमध्ये तांबूस गंज. आमच्या वाळूजच्या टर्नरमामांनी दांडी उजेडात धरली, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ही दांडी नाही ओ, ही सुट्टीवर निघालेली बाई आहे. कधी पण जाईल." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी स्प्रिंग कापून झाली होती.

दोन्ही दांड्या नव्या घातल्या. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे, तेवढी अदलाबदल टाळायची. ट्रुनियन तळाला लागेपर्यंत चढवून मग थोडं मागे घ्यायचं, नाहीतर वळताना अडकतं. नवे बुश, मूळ मापाच्या स्प्रिंग, नेहमीचे शॉकअप. गाडीची भीती गेली. "अपग्रेड" एकाही वस्तूचं झालं नव्हतं.

अलाइनमेंट राहिलं. चाकाला हात लावला नाही, हे खोटं. गाडीची उंची बदलली की ए-आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर चाकाचा झुकाव, आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडमुळे टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते. पैसे मात्र खरंच घालायची गरज नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर सुतळी ताणा, पोलादी पट्टीने रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी असेलच असं नाही, तो फरक सुतळी लावतानाच धरा. आम्हाला दोन तास आणि तीन कप चहा लागला.

याच मजकुराच्या काही प्रतींत शेवटी चेसिसचे खांब कापून वेल्डिंग करण्याचा सल्लाही जोडलाय. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार विंटेज गाड्यांसाठीचा व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा असेल, तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात फेरफार चालत नाही. हौसेपायी तो हक्क घालवू नका.

कापलेल्या स्प्रिंगचे ते वेढे मित्राच्या घरीच आहेत. त्याच्या आईने एक माठाखाली चुंबळीऐवजी ठेवलाय. हलत नाही, म्हणते.