प्रतिक्रियेला उत्तर : 'शरीर म्हणजे नुसता कपडा'

जेम्स टिपट्रीच्या 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' या विज्ञानकथेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, शरीर म्हणजे नुसता कपडा. माणूस आतून तोच राहतो. देहबदलाच्या कथा दिसण्याचा न्यूनगंड असलेल्यांना लागतात." शिवाय कथेचा सन लिहिताना झालेली माझी चूक, वेताळपंचविशीचा दाखला आणि लेखाच्या लांबीबद्दल तक्रार.

सनाचं तुमचं बरोबर आहे. कथा १९७३ची, तिला ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला १९७४मध्ये. मी दोन्हीकडे १९७४ लिहिलं होतं. दुरुस्त केलं, आभार.

आता तो कपडा. दहावीच्या वर्षी मला किडनीच्या आजारासाठी स्टेरॉइड्स सुरू होती. चेहरा इतका सुजला की एका लग्नात सख्ख्या मावशीने आईला विचारलं, "ही कोण गं?" वर्गात उत्तर येत असूनही माझा हात वर जाईना. वर्षभराने सूज उतरली, चेहरा परत आला, हात मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं वर गेला नाही. मी आतून तीच राहिले, हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता? तिथे मी होते, तुम्ही नव्हता.

म्हणून त्या कथेतली पी. बर्क मला कळते. सतरा वर्षांची, पिट्यूटरी ग्रंथीच्या विकाराने बेढब झालेली, जीव द्यायला निघालेली मुलगी. कंपनी तिला यंत्राच्या कपाटात बसवते आणि तिथून ती डेल्फी नावाचं देखणं शरीर चालवते. त्या शरीरात स्पर्श आणि चव धड पोचतही नाहीत, तरी तिला तिथेच राहायचं असतं, कारण तिथे लोक तिच्याकडे प्रेमाने बघतात. पॉल नावाचा तरुण या डेल्फीच्या प्रेमात पडतो. पण खरी ती कपाटातून त्याच्याकडे येते तेव्हा तो हादरतो, त्याच्या हातून तिच्या तारा उखडल्या जातात आणि ती मरते. पॉललाही तुमच्यासारखंच वाटत असणार, की आपलं प्रेम आतल्या माणसावर आहे.

लेखिकेचंच पाहा. टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. १९६८पासून तिच्या कथा पुरुषाच्या नावाने छापून येत होत्या. १९७५मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या विज्ञानकथाकाराने तिच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं की या लेखनात पुरुषीपणा आहे. १९७७मध्ये खरं नाव उघड झालं. कथांमधला शब्दही बदलला नव्हता, वाचणाऱ्यांची नजर बदलली. आतलं माणूस कोण, हे बाहेरचे असं ठरवतात. तुम्हीही माझ्याबद्दल दोन ओळींत ठरवलंत.

वेताळपंचविशीतल्या, नवऱ्याच्या आणि दुसऱ्या पुरुषाच्या डोक्यांची अदलाबदल होते त्या गोष्टीबद्दल इतकंच, की डोकं ज्याचं तोच नवरा, हा निवाडा राजाने दिला. त्या बाईला कोणी विचारलं नाही.

लेख लांब वाटला तर सोडून द्यायचा होता. 'न्यूनगंड' हा शब्द मात्र मला लागला, आणि तो लागावा म्हणूनच तुम्ही लिहिलात. तो मागे घ्या, मग वेताळावर हवं तेवढं बोलू.