'नाटक' हा शब्द तुम्ही वापरलात, म्हणून हे उत्तर

सर, नमस्कार.

मुलांमधल्या 'टिक'वरच्या, म्हणजे मनात नसताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या झटक्यांवरच्या आणि आवाजांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "शाळेत पाच तास शांत बसणारा मुलगा घरी आल्यावरच मान झटकत असेल, तर तो आजार नाही, नाटक आहे. आजकालच्या आयांना लाड पुरवायला एक इंग्रजी नाव लागतं." तुमची ३२ वर्षांची नोकरी मला मान्य आहे. पण मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडा, आयांवर का घसरता? इतकी वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाने असं लिहावं, याचंच मला जास्त लागलं.

साल माझं चुकलं होतं, तेवढं कबूल. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरने नऊ रुग्णांची हकिकत छापली ती १८८५ साली. दुरुस्त केलंय, आभार. आणि ज्याला तुम्ही इंग्रजी म्हणता ते 'तुरेत' हे आजाराचं नाव त्याचंच आहे. तेव्हा आम्ही आजकालच्या आया जन्मलोही नव्हतो.

आता तुमचं ते वाक्य. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना डोळे मिचकावायला लागला, मग मान झटकायला, मग घशातून 'हं हं' करायला. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, भगत झाला. शाळेत गुरुजींनी बाकावर उभं केलं. त्यानंतर तो शाळेत खरंच शांत बसायला लागला. तुमच्यासारखंच गुरुजीही म्हणाले, बघा, मार बसला की थांबतं.

संध्याकाळी दप्तर टाकून तो गोठ्यात जायचा. एकदा मी दाराआडून पाहिलं. गाईच्या पोटाला कपाळ टेकवून तो मान झटकत होता, थांबतच नव्हता. सदरा घामाने पाठीला चिकटलेला. आई मागून आली आणि म्हणाली, "काबर करस रे भाऊ असं?" तो म्हणाला, "मी नही करस, ते व्हस."

सर, सगळं त्या पाच शब्दांत आहे: मी करत नाही, ते होतं. कीर्तनात घसा खवखवतो तेव्हा आपण खोकला दाबतो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर दाबतो. टिकच्या आधी बहुतेकांना मानेत, पापणीत, घशात तशीच कळ चढत जाते, आणि झटका दिला की घटकाभर उतरते. दाबता येतं म्हणून तो खोकला नाटकी ठरत नाही. दिवसभर दाबलेलं सुरक्षित जागी बाहेर पडतं, आणि पोराला सुरक्षित जागा घरच असते. तुम्ही ज्याला पुरावा म्हणता, ते त्या लेकराचे कष्ट आहेत.

बाकी मोबाइल, जागरण, टीव्ही हे तुम्ही लिहिलंय, त्यावर मला काही म्हणायचं नाही. आमच्या घरी तेव्हा टीव्हीही नव्हता. "घरात सतत त्याचीच चर्चा केली तर वाढतं" हेही तुमचंच वाक्य. असेल, त्यावर पुन्हा कधीतरी. प्रत्येक मिचकावणाऱ्या पोराला तुरेत असतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पुष्कळ मुलांचं काही महिन्यांत आपोआप जातं. वर्षाहून जास्त टिकलं, अंगाचे अनेक झटके आणि सोबत आवाजही असला, तर ते नाव येतं. लेख पूर्ण वाचला असतात तर हे दिसलं असतं.

दहा-बारा वर्षांच्या सुमारास हे बहुधा सर्वांत जोरात असतं, पुढे बऱ्याच जणांचं ओसरतं. भावाचंही ओसरलं. तो आज जळगावला नोकरी करतो. पण बाकावर उभं केल्याचा तो दिवस त्याच्या तोंडून मी अजून एकदाही ऐकलेला नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त 'नाटक' हा शब्द सोडून लिहा.