सात नटांना तीन दिवस का लागले: एक स्टार देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: "सायलेन्सरचे सात नट काढायला तीन दिवस आणि ७,४०० रुपये. त्यात यांनीच एक स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तोडला आणि त्याचेही पैसे आमच्याकडून घेतले. दुसऱ्या गॅरेजनं दोन तासांचं काम सांगितलं होतं. पहिल्या दिवशी गाडी नुसती उभी होती. मुद्दाम काम वाढवतात. गाडी घरी नेली तर बॉनेटमधून धूर. वायपरखालची एक क्लिप गायब. टिकटिक आवाज गेला, एवढंच." आवाज गेला हे लिहिलंत त्याबद्दल आभार. बरेच जण तेवढंही लिहीत नाहीत.

उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी जे सुचलं ते इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

दोन तास सांगणारा मिस्त्री खोटं बोलला नाही. गाडी नवी असती, नट स्वच्छ असते, तर मीही तेवढंच सांगितलं असतं. तुमची गाडी २०१३ ची आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती पुराच्या पाण्यात उभी होती. हे आम्हाला हीट शील्ड (त्या नटांवरचं, उष्णता अडवणारं पत्र्याचं झाकण) काढल्यावर कळलं. शील्डच्या घडीत भाजून वीट झालेला गाळ होता, आणि पंचगंगेचा गाळ कोल्हापुरातल्या मेकॅनिकला ओळखावा लागत नाही. (गाडी विकायची नाही असं तुम्हीच म्हणाला होता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.) पुरातल्या गाड्या साफ झाल्या, इंजिनं सुरू झाली, सीट बदलल्या. नट मात्र कुणी बदलले नाहीत. कोण बदलणार? चालतंय तोवर त्यांच्याकडं बघतंय कोण.

आता ते सात नट बसलेत कुठं ते सांगतो. ते मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणाऱ्या भागाला, इंजिनावर आवळून धरतात. तुमच्या गाडीचं इंजिन आडवं आहे आणि मॅनिफोल्ड मागच्या बाजूला, म्हणजे इंजिन आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याच्या) मधल्या सापटीत. वरचे चार नट शील्ड निघालं की दिसतात. खालच्या तिघांपैकी दोन गाडी लिफ्टवर घेऊन, ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) वरून लांब एक्स्टेन्शन घालून गाठावे लागतात. सातवा मॅनिफोल्डच्या ब्रॅकेटमागं आहे. तो बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा धरून आमच्या पोऱ्यानं तो शोधला. तिथं सरळ गोटी (नटावर बसणारं सॉकेट) बसत नाही. युनिव्हर्सल जॉइंट (वाकणारा सांधा) लावला तर पाना तिरका होतो, आणि तिरक्या पान्यानं जोर केला की नटाचे कोपरे जाऊन तो गोल होतो. एकदा गोल झाला की पुढचं सगळं कापाकापीचं काम.

पेट्रोल इंजिनाचा धूर मॅनिफोल्डमधून जाताना ७००-८०० अंशांपर्यंत तापलेला असू शकतो. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, पावसाळ्यात वरून पाण्याचा फवारा. आट्यांमध्ये गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळं असला नट नुसता चिकटलेला नसतो, आतून आवळलेला असतो. स्टड आहे ८ मिलीचा. त्याला नवा असताना २०-२५ न्यूटन-मीटरवर आवळायचं असतं. जाम नटावर मोठा पाईप घालून लटकलं तर नटाच्या आधी स्टडच जाणार.

म्हणून पहिला दिवस, ज्याला तुम्ही "गाडी नुसती उभी होती" म्हणालात, तो तेलाचा होता. गार इंजिनवर गंज सोडवायचं तेल मारायचं, थांबायचं, परत मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं. गॅसच्या ज्योतीनं नट लाल केला असता तर काम लवकर झालं असतं, हे कबूल. पण त्या सापटीत ब्रेकचा पाईप आणि वायरिंगचा जुडगा आहे, आणि तिथं ज्योत लावायची माझी तरी हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी सहाकोनी गोटी घेऊन सुरुवात केली. बारा कोनांची गोटी अशा नटावर घालायचीच नाही. आधी किंचित आवळायचं, मग किंचित सोडायचं, परत तेल. नट फिरतोय पण सैल होत नाही, हाताला रबर पिळल्यासारखं लागतंय, असं झालं की स्टड पिळवटतोय समजायचं आणि तिथंच थांबून मागं यायचं. चार नट असे सुटले. दोन नट स्टडसकट बाहेर आले, त्यातही काही बिघडत नाही. सातवा त्याच रबरासारखा लागला. मागं घेतला, तेल दिलं, तासभर थांबलो, परत लावला आणि तुटला. तुटला माझ्याच हातात, पोऱ्याच्या नाही.

साधारण ४ मिली तुकडा हेडच्या (इंजिनचा वरचा भाग, ज्यात हे स्टड बसतात) बाहेर राहिला. ड्रिल मारून काढा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादी. ड्रिल जरा सरकलं की मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं आणि आटे संपतात. मग हेड उतरवा, आणि ते बिल ७,४०० मध्ये बसत नाही. आम्ही तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग केलं. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते. बॅटरी आणि कंट्रोल युनिट (इंजिनचा कॉम्प्युटर) सोडवून ठेवलं होतं. पण त्या जागी वेल्डिंगचा होल्डर पोचेना, म्हणून खाली जॅक लावून, इंजिनचं एक माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा आधार) सोडलं आणि इंजिन थोडं पुढं कलवलं. पहिले दोन नट वेल्डवरून निसटले. तिसऱ्याबरोबर तुकडा फिरत बाहेर आला. आटे शाबूत होते. संध्याकाळचे सात वाजले होते आणि त्या दिवशी दुसरी एकही गाडी आम्ही हातात घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मॅनिफोल्डवर पट्टी धरली तर तोंड वाकडं. तसंच बसवलं असतं तर नवं गॅस्केट (मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधली, धूर अडवणारी पट्टी) परत फुंकलं असतं आणि गार गाडीला ती टिकटिक परत सुरू झाली असती. म्हणून ते इथंच उद्यमनगरात ग्राइंडिंगला (घासून सपाट करायला) दिलं. तिथं रांग होती, दुपार गेली.

आता जिथं तुमचं बरोबर आहे ते. मी तुम्हाला साडेपाच हजारांपर्यंत सांगितलं होतं. स्टड तुटल्यावर फोन करायला हवा होता, आणि मी केला नाही. हात काळे होते, डोकं तापलेलं होतं, वगैरे. तुम्ही नको म्हणाला असता तरी तुटका स्टड ठेवून गाडी देता आली नसती, पण न विचारता बिल वाढवलं ते वाढवलंच. स्टड काढायचे दीड हजार मी परत देतोय. तो तुटणं ही आमची हयगय होती असं मला वाटत नाही, पण फोन न करणं होती. ग्राइंडिंगचे पाचशे मात्र देणार नाही, ते बाहेर भरलेत आणि पावती तुमच्या बिलाला लावलेली आहे.

धूर होता तो तेलाचा. मॅनिफोल्डवर उरलेलं तेल पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जळून जातं. किल्ली देताना एवढं सांगितलं असतं तर तुमच्या घरच्यांची धावपळ झाली नसती. तीही आमचीच चूक. क्लिप जुनी होती, काढताना मोडली, नवी आणून ठेवली आहे.

"मुद्दाम काम वाढवतात" हे वाक्य मात्र लागलं. सातही जुने नट, वेल्ड केलेला तुकडा आणि त्या दिवशीचे फोटो जपून ठेवलेत. बघून मग काय लिहायचं ते लिहा, स्टार बदला म्हणून मी मागं लागणार नाही.

५०० किलोमीटर झाले की नट एकदा तपासायचे आहेत, त्याचे पैसे नाहीत. सकाळी दहाच्या आत या आणि तपासणी गार इंजिनवरच होते हे लक्षात ठेवा. घर लांब असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी इथंच लावून जा, घरी सोडायला पोऱ्या येईल.